उत्तर बरोबर, गुण शून्य

चतुर्थक काढण्याच्या नऊ पद्धती आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहेत. रॉब हाइंडमन आणि यानान फॅन यांनी १९९६ साली ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकात त्यांची जंत्री मांडली आणि त्याच क्रमांकांनी आर त्यांना ओळखते. वेगळे काही न सांगता क्वांटाइल किंवा समरी हे फंक्शन चालवले की आर सातवी पद्धत वापरते. अकरावी-बारावीच्या वर्गात फळ्यावर लिहिले जाणारे सूत्र, म्हणजे एकूण निरीक्षणांत एक मिळवून चाराने भागायचे आणि त्या क्रमांकाचे निरीक्षण घ्यायचे, ही सहावी पद्धत होय. एसपीएसएस आणि मिनिटॅब सहावीच वापरतात. एक्सेलमध्ये दोन्ही आहेत: क्वार्टाइल.इन्क सातवीप्रमाणे चालते, क्वार्टाइल.एक्स्क सहावीप्रमाणे.

१२, १५, १७, २०, २२, २५, २८, ३०, ३५, ४० ही दहा निरीक्षणे घेतली, तर सहाव्या पद्धतीने पहिला चतुर्थक १६.५ येतो, सातव्या पद्धतीने १७.७५. नऊही पद्धती चालवल्या तर उत्तरे १५ पासून १७.७५ पर्यंत पसरतात. आरमध्ये याच निरीक्षणांचा बॉक्स प्लॉट काढला, तर पेटीची खालची कड १७ वर येते. कारण बॉक्स प्लॉट चतुर्थकाऐवजी जॉन टुकी यांचे ‘हिंज’ वापरतो, म्हणजे खालच्या अर्ध्या निरीक्षणांचा मध्यक. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन फंक्शनांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत आणि तरीही दोन्ही बरोबर असतात.

हेच उदाहरण, आकडे जरा बदलून, प्रस्तुत लेखकाने शुल्क भरून केलेल्या एका प्रमाणपत्र अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आले होते. तासाला शिकवले होते ते समरी फंक्शन. उत्तरतालिका मात्र कोणीतरी हाताने, पुस्तकातल्या सूत्राने सोडवून झेरॉक्स केलेली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तालिकेवर बोट ठेवले, उत्तरपत्रिकेवर लाल फुली मारली आणि म्हणाले, “डेटा नीट भरत चला. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो.” डेटा पडद्यावर समोरच होता. तो पाहण्यासाठी मान वळवायची होती, तीही वळली नाही. ज्यांनी समरी शिकवले ते सर शेजारीच उभे होते. त्यांनी हजेरीपट पुढे सरकवला आणि पुढच्या उमेदवाराचे नाव पुकारले.

आरमध्ये फंक्शनच्या नावाआधी प्रश्नचिन्ह टाकले की त्याचे मदतपान उघडते. क्वांटाइलच्या मदतपानावर ‘टाइप’ नावाचा पर्याय आणि त्याखाली एक ते नऊ अशी यादी आहे. ती वाचून एकेक क्रमांक घालत गेले, की सहावर तालिकेतला आकडा दशांशासकट जसाच्या तसा येतो. माणूस चुकला नव्हता, मशीनही चुकले नव्हते. तालिका बनवणाऱ्याने एक पद्धत वापरली, शिकवणाऱ्याने दुसरी शिकवली आणि दोघांत कधी बोलणे झाले नाही, याचा दंड उमेदवाराला बसला. पडद्याचा फोटो आणि सोडवलेले गणित असे दोन्ही जोडून पाठवलेल्या मेलला संस्थेचे उत्तर आले: निकाल अंतिम आहे. सोबत पुढच्या अभ्यासक्रमाचे सवलतीचे पत्रक होते.

यावरून पहिला नियम निघतो. उत्तराशेजारी फंक्शनचे नाव आणि पद्धत लिहावी. ‘पहिला चतुर्थक १७.७५ (आर, टाइप ७)’ एवढे लिहिलेले उत्तर चूक ठरवायचे, तर परीक्षकाला टाइप ७ म्हणजे काय हे निदान विचारावे लागते.

प्रमाण विचलनाची गोष्ट याच जातीची, पण जास्त परिचित. वरच्या दहा निरीक्षणांसाठी वर्गांची बेरीज दहाने भागली तर प्रमाण विचलन ८.५० येते, नवाने भागली तर ८.९६. पहिले समष्टीचे, दुसरे नमुन्यावरून केलेले अनुमान. आर नेहमी नवानेच भागते. एक्सेलमध्ये दोन स्वतंत्र फंक्शने आहेत, एकाच्या शेवटी ‘पी’ आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘एस’. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरही दोन्ही मिळतात. पायथनची तऱ्हा सर्वांत खोडकर: नमपाय दहाने भागते, पांडाज नवाने, आणि एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही शेजारी शेजारी वापरली जातात. बहुलकासाठी आरमध्ये ‘मोड’ लिहिले तर ‘न्यूमेरिक’ असा शब्द उमटतो, कारण ते फंक्शन डेटा कोणत्या प्रकारचा आहे एवढेच सांगते. बहुलक हवा असेल तर वारंवारता सारणी करून सर्वांत मोठी वारंवारता पाहावी.

डेटा भरतानाचे घोटाळे उत्तराच्याही आधी होतात. एक्सेलच्या चौकटीत ५-१० हा वर्ग टाइप केला की भारतीय मांडणीत तो ५ ऑक्टोबर होतो आणि अमेरिकी मांडणीत १० मे. हा त्रास नवशिक्यांपुरता नाही. एक्सेल जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकते म्हणून २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावेच अधिकृतपणे बदलण्यात आली. वर्ग लिहिण्याआधी स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा, किंवा खालची आणि वरची मर्यादा वेगळ्या स्तंभांत लिहावी. दुसरा उपाय जास्त टिकतो.

आयतालेखातही अशीच एक सुप्त रीत आहे. पुस्तकातील अपवर्जी पद्धतीत २० हे निरीक्षण २०-३० या वर्गात जाते. आरमधील हिस्ट फंक्शन ते १०-२० मध्ये टाकते, कारण तेथे वर्गाची उजवी मर्यादा धरली जाते. ‘राइट’ हा पर्याय ‘फॉल्स’ केला की पुस्तकाची रीत परत येते. गुण, वय, शेकड्यातली मजुरी अशा पूर्णांकांच्या डेटात पुष्कळ निरीक्षणे नेमकी मर्यादेवर बसतात, म्हणून तेथे आलेख डोळ्यांना दिसेल इतका बदलतो. नसलेली निरीक्षणे शून्य किंवा ९९ लिहून भरू नयेत, हे सगळेच सांगतात आणि ते खरे आहे.

संभाव्यता वितरणांच्या फंक्शनांत तीन जागा विशेष घसरड्या आहेत. पहिली ‘किमान’ या शब्दाची. नाणे दहा वेळा उडवले असता किमान सात छापे पडण्याची संभाव्यता १७६ भागिले १०२४, म्हणजे ०.१७१९. पीबायनॉम हे फंक्शन दिलेल्या संख्येपर्यंतची, तिच्यासह, बेरीज देते. म्हणून एकातून वजा करताना आत सहा लिहावे लागतात. सात लिहिले तर ०.०५४७ येते, आणि ते आठ किंवा अधिक छाप्यांचे उत्तर असते. ‘लोअर.टेल’ फॉल्स केले तरी हाच हिशेब लागू होतो, कारण तेव्हा फंक्शन दिलेल्या संख्येपेक्षा काटेकोरपणे जास्त असणाऱ्या मूल्यांची बेरीज देते.

दुसरी जागा गुणोत्तरी वितरणाची, ज्याला वर्गात जिऑमेट्रिक म्हणतात. फाशावर पहिला सहा तिसऱ्या फेकीला पडण्याची संभाव्यता २५ भागिले २१६, म्हणजे ०.११५७. अनेक पुस्तके फेकी मोजतात, आर मात्र यशापूर्वीची अपयशे मोजते. म्हणून डीजिऑममध्ये तीनऐवजी दोन लिहायचे. तीन लिहिले तर ०.०९६५ येते, जे चौथ्या फेकीचे उत्तर आहे. तिसरी जागा प्रसामान्य वितरणाची. पुस्तकात मध्य ५० आणि प्रचरण १६ असे दिलेले असते, पीनॉर्म मात्र प्रमाण विचलन मागते. ४ लिहिले तर ५४ पर्यंतची संभाव्यता ०.८४१३, आणि १६ तसेच ढकलले तर ०.५९८७. दोन्ही आकडे शून्य आणि एक यांच्या मधले, दिसायला सभ्य. सॉफ्टवेअर अशा चुकीवर लाल अक्षरांत काही लिहीत नाही. पडताळणी एकच: उत्तर काढण्याआधी कागदावर घंटेच्या आकाराचा वक्र काढून उत्तर अर्ध्यापेक्षा कितपत जास्त यायला हवे, याचा अंदाज लिहून ठेवावा.

यादृच्छिक संख्यांच्या प्रात्यक्षिकांत उत्तरतालिकेचा हट्ट सर्वांत हास्यास्पद होतो. दक्षिण आफ्रिकेतील गणितज्ञ जॉन केरिच दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना त्यांनी नाणे १०,००० वेळा उडवले आणि ५,०६७ छापे मिळवले. ५,००० न मिळाल्याबद्दल त्यांना कोणी फुली मारली नाही, कारण येथे प्रमाण त्रुटी ५० आहे आणि ६७ चा फरक अगदी सामान्य आहे. हेच प्रात्यक्षिक वर्गात शंभर फेकींचे असते आणि छापील तालिकेत एकच आकडा असतो. तो आकडा यायचा असेल, तर प्रश्नात ‘सेट.सीड’चा क्रमांक दिलेला असला पाहिजे. तोही पुरत नाही. २०१९ मध्ये आलेल्या आरच्या ३.६.० आवृत्तीत सॅम्पल फंक्शनची आतली पद्धत बदलली. त्यामुळे त्याच सीडवर जुनी आणि नवी आवृत्ती वेगवेगळे नमुने काढतात. ‘आरएनजीकाइंड’मध्ये सॅम्पलचा प्रकार ‘राउंडिंग’ केला की नवी आवृत्ती जुन्यासारखी वागते. ज्या संस्थेच्या संगणकांवर वर्षानुवर्षे जुनी आवृत्ती पडून आहे, तेथे घरच्या लॅपटॉपवर केलेले जर्नल जुळत नाही आणि “कुठून उतरवलं?” असा प्रश्न सर्वांसमोर विचारला जातो. जर्नलच्या पहिल्या पानावर आरची आवृत्ती लिहिणे, हा या प्रश्नावरचा उतारा आहे. एक्सेलमध्ये रँडने काढलेल्या संख्या शीटवर काहीही टाइप केले की बदलतात. म्हणून त्या लगेच कॉपी करून ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटवाव्यात, नाहीतर छापलेले कोष्टक आणि त्याखालची सरासरी यांचा मेळ बसत नाही.

परिकल्पना चाचण्यांत पद्धतीचा फरक थेट निर्णयावर येतो. दोन ओळी आणि दोन स्तंभांची सारणी घ्यावी: पहिल्या ओळीत २० आणि १०, दुसरीत १० आणि २०. पुस्तकातील सूत्राने काय-वर्गाचे मूल्य ६.६७ येते, पी-मूल्य ०.००९८. आरचे फंक्शन अशा सारणीला न विचारता फ्रँक येट्स यांची १९३४ सालची दुरुस्ती लावते. मग मूल्य ५.४ होते आणि पी-मूल्य ०.०२०१. सार्थकता पातळी एक टक्का असेल, तर एका उत्तराने शून्य परिकल्पना फेटाळली जाते आणि दुसऱ्याने फेटाळता येत नाही. ‘करेक्ट’ हा पर्याय फॉल्स केला की पुस्तकाचे मूल्य मिळते. दोन नमुन्यांच्या टी-चाचणीत आर वेल्च यांची पद्धत वापरते, तर वर्गात समान प्रचरणाची शिकवतात. स्वातंत्र्यांश पूर्णांकाऐवजी अपूर्णांकात आले, की वेल्च लागले आहे हे ओळखावे. एसपीएसएस दोन्ही ओळी छापते, आणि कोणती ओळ उचलायची हे वर्गात ‘वरची घ्या’ एवढ्यावर भागवले जाते. वरची ओळ प्रचरणे समान मानल्यासच घ्यायची असते. त्याच तक्त्यात शेजारी लेव्हीन चाचणी त्यासाठीच छापलेली असते.

आलेख काढल्याखेरीज सहसंबंध लिहू नये. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये दिलेले चार डेटासंच आरमध्ये तयार मिळतात. चारही संचांत सहसंबंध गुणांक सुमारे ०.८१६ आहे, पण एकाचा आलेख वक्र आहे आणि एकात एकाच बिंदूने सारा संबंध ओढून आणला आहे. सराव रोज करावा, शंका वेळीच विचाराव्यात, हे सल्ले कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले असतात. शंका विचारल्यावर काय होते, ते छापलेले नसते.

अभ्यासक्रम निवडताना शुल्क आणि प्रमाणपत्रावरचा शिक्का यांच्या आधी जुनी उत्तरतालिका मागून पाहावी. तिच्यात आकड्यासोबत सॉफ्टवेअर, आवृत्ती आणि फंक्शन लिहिलेले असेल तर प्रवेश घ्यावा. नुसते आकडे असतील तर तेच शुल्क चांगल्या पुस्तकांवर खर्च करावे. आर फुकट आहे आणि त्याची मदतपाने कोणत्याही सरांपेक्षा सविस्तर आहेत. परीक्षेच्या दिवशी पहिला प्रश्न सोडवण्याआधी ‘चतुर्थक कोणत्या पद्धतीने, प्रमाण विचलन कशाने भागून, येट्स दुरुस्ती लावून की न लावता’ हे पर्यवेक्षकांना विचारावे आणि मिळालेले उत्तर पत्रिकेच्या माथ्यावर लिहावे. उत्तर मिळाले नाही, तर ‘विचारले, सांगितले नाही’ असेही लिहावे. लेखी पेपरची पुनर्तपासणी मागता येते. प्रात्यक्षिकाच्या गुणांना अनेक ठिकाणी ती सोय नसते, म्हणून जो काही वाद घालायचा तो उत्तरपत्रिका हातातून सोडण्याआधी घालावा.