जुन्या मोटारीची झीज

ॲम्बॅसडर ही मोटार एके काळी भारतातील रस्त्यांवर सर्वत्र दिसत असे. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवर बेतलेली ही मोटार पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात तयार होई. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. आज हौशी मंडळी जुन्या ॲम्बॅसडर शोधून त्यांना पुन्हा रस्त्यावर आणतात. नवा रंग आणि नव्या गाद्या लगेच डोळ्यांत भरतात. गाडी किती काळ चालेल, हे मात्र आतल्या झिजलेल्या भागांवर ठरते.

झीज सर्वत्र सारखी होत नाही. ती जिथे अधिक होते, तिथे काही कारण असते. ते कारण न शोधता भाग बदलला, तर नवा भागही लवकरच जुन्याच्या वाटेने जातो.

जुन्या ॲम्बॅसडरच्या १४८९ घन सेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनाचे उदाहरण घेऊ. त्याच्या सिलिंडरचा मूळ व्यास सुमारे ७३ मिलिमीटर असतो. पिस्टन वर जाऊन परत फिरतो, तेव्हा क्षणभर त्याची गती शून्य होते. नेमक्या त्याच जागी उष्णता आणि दाब सर्वाधिक असतात. तेलाचा पातळ थर तिथे टिकत नाही आणि रिंग धातूवर घासते. म्हणून सिलिंडर वरच्या बाजूला अधिक झिजतो. शिवाय पिस्टन एका बाजूला रेटला जात असल्याने त्याचा गोलपणा बिघडतो. तळाशी, जिथे रिंग पोहोचतच नाही, तिथे मूळ माप शाबूत राहते. त्यामुळे जाणकार मिस्त्री वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घेतो. केवळ धूर पाहून नव्या रिंगा बसवणे हा उपाय स्वस्त खरा, पण लंबगोल झालेल्या सिलिंडरमध्ये गोल रिंग नीट बसणार कशी?

झीज फार असेल, तर सिलिंडर कापून मोठा करतात व त्या मापाचा पिस्टन घालतात. असे पिस्टन साधारणपणे १०, २०, ३० व ४० हजारांश इंच वाढीव मापात मिळतात. हा निर्णय मात्र जपून घ्यावा लागतो. कापलेला धातू परत येत नाही, आणि चाळीस हजारांश, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर, इतकी वाढ झाल्यावर पुढची वाट बहुधा लायनरचीच उरते. त्यामुळे थोडक्या कापणीत काम भागत असेल, तर तेवढ्यावरच थांबणे शहाणपणाचे असते.

दुसरी झीज फसवी असते. शिसेयुक्त पेट्रोलमधील शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरून तिचे रक्षण करी. २००० साली भारतात असे पेट्रोल बंद झाले. हवेसाठी ते योग्यच झाले. पण ज्या जुन्या इंजिनांत ही बैठक हेडच्या बिडातच कोरलेली असते, तिथे ती खोल जाऊ लागली. तसे झाले की टॅपेटची फट पुन्हा पुन्हा कमी होते. आवाज शांत झाल्यामुळे मालक खूश होतो! वास्तविक फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवणे, हा यावरचा टिकाऊ उपाय आहे.

पुढच्या चाकांची झीज तर जिवाशीच गाठ घालते. गाडी जॅकवर उचलून आणि खाली भक्कम आधार देऊन चाक वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवली, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ढिलाई नाहीशी झाली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली, तर किंगपिन किंवा तिथला दुसरा सांधा झिजला आहे. बहुतेक वेळा याचे कारण कोरडेपणा असते. ग्रीस भरताना चाक अधांतरी असावे, म्हणजे भार पडणाऱ्या बाजूलाही ग्रीस पोहोचते. जुने काळे ग्रीस जाऊन नवे, स्वच्छ ग्रीस सांध्याच्या कडेने दिसेपर्यंत पंप चालवावा.