इंजेक्शन फ्रीजमध्ये आहे का?

हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह बाईचं सिझर कसं करायचं, हे आमच्या हॉस्पिटलला चांगलं ठाऊक होतं. तिचा नंबर शेवटी लावायचा, दोन-दोन हातमोजे चढवायचे, फाईलवर लाल शिक्का मारायचा आणि बिलात ‘इन्फेक्शन किट’ची वेगळी रक्कम धरायची. हे सगळं बिनचूक झालं. बाळाचं काय करायचं, ते मात्र टाके घातलेल्या पोटानं मी सांगायचं.

हेपॅटायटिस बी तपासणारं एचबीएसएजी तिसऱ्या महिन्यातच ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आलं होतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “कॅरिअर आहात, घाबरू नका, बाळ झाल्यावर बघू.” पुढे प्रत्येक भेटीत वजन झालं, बीपी झालं, हा विषय निघाला नाही. मी काढला की, “लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग गूगल करत बसू नका.” मी करत बसले, म्हणून आज हे लिहिते आहे.

लिव्हरचं एसजीपीटी नॉर्मल असलं तरी रक्तात विषाणू कोट्यवधींनी असू शकतो. तो मोजायची तपासणी वेगळी, एचबीव्ही डीएनए. आकडा 2 लाखांच्या वर असेल, तर 28 व्या आठवड्यापासून आईला टेनोफोव्हिरची रोज एक गोळी देतात, म्हणजे प्रसूतीपर्यंत विषाणू खाली येतो. माझा आकडा कोणी मोजलाच नाही. सिझर मात्र “तुमच्या केसमध्ये तेच सेफ” म्हणून झालं. नुसत्या हेपॅटायटिस बीसाठी सिझर करायचं कारण नसतं, हे मला नंतर सरकारी मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी सांगितलं. फुकट सांगितलं, हेही नोंदवते.

त्या संध्याकाळी मी सिस्टरना विचारलं, “बाळाला दोन्ही इंजेक्शनं झाली?”

“लस बुधवारी. आपल्याकडे लसीकरण बुधवारी असतं.” तो शनिवार होता.

“आणि इम्युनोग्लोब्युलिन?”

“ते तुम्हाला कशाला? तुमचा ग्रुप पॉझिटिव्ह आहे.”

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, त्या निगेटिव्ह रक्तगटाच्या बायकांना देतात त्या अँटी-डीबद्दल बोलत होत्या. हेपॅटायटिस बीचं म्हणून वेगळं इम्युनोग्लोब्युलिन असतं आणि ते आईला नाही, बाळाला टोचतात, हे त्या वॉर्डात कोणाच्या गावीही नव्हतं. मॅडमना फोन लावला तर त्या लग्नाला गेलेल्या. लाल शिक्क्याची फाईल माझ्या उशाशी होती. सगळ्यांनी ती वाचली होती आणि स्वतःला माझ्यापासून वाचवून घेतलं होतं. मी ओरडले. “पेशंट अ‍ॅग्रेसिव्ह आहे” असं बाहेर कोणीतरी म्हणालं, तेही ऐकलं.

नवरा बर्फाचा डबा घेऊन मेडिकल पालथी घालत फिरला. काही हजारांचं ते इंजेक्शन शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषध दुकानात मिळालं आणि बारा तास उलटायच्या आत मुलीला एका मांडीत ते, दुसऱ्या मांडीत लस, असं दिलं गेलं.

एवढा आकांत कशासाठी, असं नणंदेनं विचारलं होतं. मोठ्या माणसाला हा विषाणू लागला तर बहुतेक वेळा शरीर त्याला हाकलून देतं. जन्मताना लागला तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा मुक्काम करतो आणि पुढे सिरॉसिस, लिव्हरचा कॅन्सर अशा वाटा उघडतो. लस 24 तासांच्या आत, इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो 12 तासांच्या आत. बुधवार त्यात बसत नाही.

म्हणून पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकीला सांगते. सातव्या-आठव्या महिन्यात हॉस्पिटलला एकच विचारा: इंजेक्शन फ्रीजमध्ये आहे का? “मागवू” हे उत्तर धरू नका, डोळ्यांनी बघा. 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. खासगीत नाव घातलेलं असलं तरी जिल्हा रुग्णालयात एकदा जाऊन चौकशी करा. “दीड महिन्यानं पेंटाव्हॅलेंटमध्ये हीच लस असते, मग आता कशाला” असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. जन्माचा डोस वेगळा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे त्याच्यानंतरचे. मन शांत ठेवा, चांगलं खा वगैरे आहेच.

अंगावर पाजायला हरकत नसते. मला पहिले दोन दिवस पावडरच्या दुधावर ठेवलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. घरी सासूबाईंनी ‘पांढरी कावीळ’ म्हणून माझं ताट-पेला वेगळा केला आणि कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ताही आणला. हा आजार ताटातून, पेल्यातून, मिठी मारून पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, दुसऱ्याच्या ब्लेडमधून पसरतो. नवऱ्याची तपासणी करून त्याला लस द्या. आमचा निगेटिव्ह निघाला, तेव्हा घरातले जरा नमले.

बाळाची तपासणी नऊ महिन्यांच्या आधी नको. लस दिल्या-दिल्या केली तर लसीमुळेच खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि टोचलेली अँटिबॉडीही काही महिने रक्तात राहते. नऊ ते बारा महिन्यांत एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस या दोन्ही करा. लेकीचं पहिलं निगेटिव्ह आलं, दुसरं दहाच्या पुष्कळ वर. रिपोर्टचा फोटो मॅडमना पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला.

मला हे कुठून आलं, याचा छडा लागला तो माहेरी. आई पॉझिटिव्ह निघाली, धाकटा भाऊही. त्याला तर काही वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला होता, पुन्हा रक्त देऊ नका म्हणून. घरात तो कोणाला काही बोलला नाही. आता त्याच्या बायकोला दिवस गेलेत. डोहाळजेवणाची तारीख ठरली आहे. तिची एचबीएसएजी झाली का, हे विचारलं की तो फोन आईकडे देतो.