जुन्या संगणकातील दप्तर नव्या संगणकात नेताना

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला बालाघाट जिल्हा भाषेच्या दृष्टीने दुघरी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा जिल्हा आणि आजच्या विदर्भातील जिल्हे एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भातील आठ मराठी जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात समाविष्ट झाले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला आणि त्या राज्याची राजधानी भोपाळला गेली. सीमा आखली गेली, तरी बाघ आणि बावनथडी या नद्यांच्या दोन्ही तीरांवरील सोयरिकी व बाजारहाट थांबले नाहीत. त्यामुळे या भागातील मराठी कुटुंबाचा संगणक उघडून पाहिला, तर त्यात अर्ज हिंदीत, लग्नपत्रिका मराठीत, मुलांचे निबंध दोन्ही भाषांत आणि गोंदियाच्या आप्तांची छायाचित्रे, असा संमिश्र संग्रह आढळतो. असा संग्रह जुन्या संगणकातून नव्या संगणकात सुरक्षितपणे कसा न्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय आजच महत्त्वाचा का ठरावा, यास कारण आहे. घरोघरी, शाळांत आणि ग्रामपंचायतींत वापरात असलेल्या विंडोज १० या प्रणालीस तिच्या निर्मात्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने दिलेले नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. प्रणाली त्या दिवशी बंद पडली नाही. तथापि तिच्यातील सुरक्षाविषयक उणिवा वेळोवेळी दूर करण्याची नेहमीची व्यवस्था थांबली. कित्येक जुन्या संगणकांवर पुढची प्रणाली चालत नाही. साहजिकच नवे संगणक घेतले जात आहेत आणि जुने संगणक कोपऱ्यात, माळ्यावर किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर जात आहेत. यंत्राबरोबर त्यातील दप्तरही जाते, हे मात्र पुष्कळदा नंतर ध्यानात येते.

शासकीय कचेऱ्यांत कार्यभार देण्याघेण्याची एक जुनी रीत आहे. जाणारा लिपिक रुमालात बांधलेली दप्तरे यादीप्रमाणे मोजून देतो, येणारा ती मोजून घेतो आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच जाणाऱ्याची सुटका होते. संगणक बदलताना नेमके हेच करावे. प्रथम यादी, मग हस्तांतर, मग पडताळणी आणि अगदी शेवटी जुन्या यंत्राची सुटका.

यादी करताना एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू हरवली तर पुन्हा मिळेल काय? खसऱ्याची किंवा सातबाराची प्रत पुन्हा काढता येते, पाठ्यपुस्तक पुन्हा उतरवून घेता येते. लेखन, हिशेब इत्यादींसाठीची सॉफ्टवेअरे तर नुसती उचलून नेताच येत नाहीत. ती नव्या संगणकावर नव्यानेच बसवावी लागतात. न्यावयाचे असते ते त्यांत आपण केलेले काम. याउलट शाळेच्या पहिल्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, दिवंगत आजोबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, ग्रामसभेची टंकलिखित इतिवृत्ते ही गेली म्हणजे गेलीच. बालाघाटकरांना याचे उदाहरण शोधावयास लांब जावे लागणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियापासून बालाघाट व नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत नेलेल्या अडीच फुटी रुळांवरील छोटी गाडी या जिल्ह्याच्या कित्येक पिढ्यांनी वापरली. तिचा बालाघाट ते जबलपूर हा भाग २०१५ साली बंद झाला आणि आता त्या मार्गावर मोठ्या रुळांच्या गाड्या धावतात. त्या छोट्या गाडीचे एखाद्याने टिपलेले छायाचित्र आज जुन्या संगणकात पडून असेल, तर ते पुन्हा टिपण्याचा कोणताही मार्ग उरलेला नाही. अशा वस्तू यादीत सर्वांत वर लिहाव्यात.

संगणकात फायली कोठे दडलेल्या असतात, हे पाहणे पुढचे काम होय. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चार ठिकाणे सर्वांस ठाऊक असतात. परंतु एकाच संगणकावर दोघातिघांची स्वतंत्र खाती असल्यास प्रत्येक खात्याची ही ठिकाणे निराळी असतात. आपल्याकडील दुकानदार हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात आणि सारा जुना संग्रह डी किंवा ई या भागात निवांत पडलेला असतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो. यास्तव प्रत्येक भाग उघडून स्वतः पाहावे. केवळ आठवणीवर विसंबू नये.

वाहतुकीचे साधन म्हणून बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क सर्वांत सोयीची. थोडक्या फायलींसाठी पेन ड्राइव्ह चालतो. मात्र बहुतेक पेन ड्राइव्ह ज्या एफएटी-३२ पद्धतीने आखलेले असतात, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. लग्नाची चित्रफीत नेताना ही अडचण हमखास येते. अशा वेळी पेन ड्राइव्ह रिकामा करून तो एक्स-फॅट पद्धतीने पुन्हा आखून घ्यावा. इंटरनेटवरील साठवणीची सोय चांगली आहे, परंतु गूगलच्या विनामूल्य खात्यात टपाल, छायाचित्रे आणि फायली मिळून १५ जीबी एवढीच जागा मिळते, आणि खेड्यातील जोडणीवरून मोठा संग्रह चढविणे म्हणजे संयमाची परीक्षा. जुन्या पद्धतीच्या यूएसबी जोडणीने शंभर जीबीची मोठ्या आकाराच्या फायलींची प्रत व्हावयास साधारणतः तासभर लागतो. बारीकसारीक हजारो फायली असल्यास त्याहून बराच अधिक. जुना संगणक सुरूच होत नसेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. यंत्र बिघडले म्हणजे त्यातील हार्ड डिस्क बिघडलीच असे नव्हे. ती बाहेर काढून योग्य जोडणीच्या साहाय्याने नव्या संगणकास लावता येते. हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे व ते आपल्यासमोर व्हावे.

प्रत करावी, फाईल उचलून नेऊ नये. संगणकाच्या भाषेत सांगावयाचे तर कॉपी करावे, कट करू नये. मध्येच वीज गेली, तर कॉपी करणाऱ्याचे मूळ जागच्या जागी राहते. कट करणाऱ्याची मात्र कोणती फाईल इकडे आणि कोणती तिकडे, हे शोधण्यातच रात्र जाते. वीज खंडित झाल्यास अर्धवट उतरलेली फाईल पूर्ण नावानिशी नव्या ठिकाणी दिसू शकते आणि पाहणारा फसतो. म्हणून संपूर्ण संग्रह एका दमात न नेता एकेक फोल्डर न्यावे आणि नेल्यावर दोन्हीकडील फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फायलींची संख्या व बाइट्समधील एकूण आकार कागदावर लिहून ताडून पाहावेत. हे दोन्ही आकडे तंतोतंत जुळावयास हवेत. त्यानंतर प्रत्येक फोल्डरमधील पाच-दहा फायली नव्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. आकडे जुळले म्हणजे माल पोहोचला एवढेच कळते. तो शाबूत आहे किंवा नाही, हे उघडल्यावरच कळते.

छायाचित्रांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डिजिटल छायाचित्रात ते टिपल्याची तारीख बहुधा आतच नोंदलेली असते. प्रत केल्यावर फाईल निर्माण झाल्याची तारीख म्हणून नव्या संगणकावर आजचा दिवस दिसतो. तो पाहून गोंधळून जाऊ नये. छायाचित्रे टिपल्याच्या तारखेप्रमाणे लावून घेतली, की जुना क्रम पुन्हा मिळतो. दुसरी गोष्ट अशी, की संगणक बदलण्याचा सोपा उपाय म्हणून छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाच पाठविण्याची पद्धत रूढ झाली आहे. ती टाळणेच हितावह. साध्या रीतीने पाठविलेले छायाचित्र आकाराने लहान केले जाते आणि आतली तारीख व इतर नोंदी गळून पडतात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फरक जाणवत नाही. पंधरा वर्षांनी मोठी प्रत छापावयास गेल्यावर जाणवतो.

आता मराठी आणि हिंदी मजकुराच्या फायलींकडे वळू. इंग्रजी पुस्तकांत या अडचणीचा सहसा उल्लेख नसतो, पण बालाघाटच्या शिक्षकास किंवा ग्रामपंचायतीच्या सचिवास ती पहिल्याच दिवशी भेटते. फाईल सुखरूप पोहोचते, आकडे जुळतात, पण उघडताच देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. पुष्कळांचा समज होतो, की फाईल बिघडली. ती बिघडलेली नसते.

कृतिदेव, श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या स्मरणात देवनागरी अक्षर साठविलेलेच नसते. साठविलेले असते रोमन अक्षराचे सांकेतिक मूल्य. फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवितो. कृतिदेवमध्ये ‘राम’ हा शब्द टंकलिखित केल्यास संगणकाच्या लेखी ती जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे असतात. नव्या संगणकात तो फॉन्ट नसला, की मुखवटा उतरतो व जे, के, ई तेवढे उरते. शिवाय प्रत्येक फॉन्टकुळाचा मुखवटा वेगळा, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. या अनागोंदीवर तोडगा म्हणून भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी एक प्रमाण संकेतप्रणाली ठरविली. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक प्रणालीची पहिली आवृत्ती निघाली, जिच्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक मिळाला. विंडोज २००० पासून घरगुती व कार्यालयीन संगणकांत तिची सोय येऊ लागली. तरीही छापखाने व कचेऱ्या पुढे कित्येक वर्षे जुन्या फॉन्टवरच विसंबून राहिल्या, कारण टंकलेखकांच्या बोटांना तीच सवय होती.

छोट्या गाडीच्या काळात जबलपूरकडून आलेला माल गोंदियास उतरवून मोठ्या रुळांवरील डब्यांत पुन्हा भरावा लागे. अडीच फुटी डबा साडेपाच फुटी रुळांवर ढकलून चालत नसे. जुन्या फॉन्टमधील मजकुराचेही तसेच आहे. तो युनिकोडच्या डब्यात नव्याने भरावा लागतो. त्यापूर्वी, जुना संगणक चालू असतानाच, दोन कामे उरकून घ्यावीत. महत्त्वाच्या प्रत्येक फाईलची पीडीएफ प्रत जुन्या संगणकावरच काढावी. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आत बांधलेला असतो, म्हणून ती कोठेही जशीच्या तशी दिसते. पेजमेकरमध्ये जुळविलेल्या लग्नपत्रिका व स्मरणिका यांच्यासाठी तर हाच भरवशाचा उपाय आहे, कारण ते सॉफ्टवेअर आता विकसित केले जात नाही. दुसरे काम म्हणजे कोणत्या फायलीत कोणता फॉन्ट वापरला आहे, त्याचे नाव यादीत नोंदवून ठेवावे. फॉन्टच्या नावाशिवाय पुढचे रूपांतर म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

रूपांतर करणारी साधने इंटरनेटवर विनामूल्य मिळतात व पुष्कळसे काम क्षणात करतात. पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकलिखित होत असे. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे. ‘स्थिती’, ‘मूर्ती’, ‘निर्मिती’ अशा शब्दांत चुका राहतात त्या यामुळेच. हिंदीसाठी बेतलेल्या साधनांकडून मराठीतील ‘ऱ्य’ची तर हमखास हेळसांड होते आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊन डोंगराळ बालाघाटात समुद्र अवतरतो. इतर ठिकाणी अशी चूक हसण्यावारी नेता येईल. दाखल-खारीज नोंदवहीतील विद्यार्थ्याच्या नावात किंवा आडनावात ती झाली, तर त्या मुलास पुढे प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालावे लागतील. म्हणून रूपांतरित मजकूर मूळ पीडीएफशी दोघांनी मिळून ताडावा, एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने पाहावे. जुन्या टंकलेखकांच्या काळातील ही पद्धत आजही सर्वोत्तम आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाचनीयतेचा हा प्रश्न केवळ आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाज्ञेने तयार झालेली चर्मपत्रावरील महसुली नोंदवही आजही वाचता येते. तिच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ साली बीबीसीने देशभरातील शाळांच्या साहाय्याने तशीच नवी नोंदवही लेसर तबकड्यांवर केली. ती वाचणारी यंत्रे पंधरा-सोळा वर्षांतच दुर्मीळ झाली व मजकूर सोडविण्यासाठी तज्ज्ञांना विशेष खटपट करावी लागली. आपल्याकडील फ्लॉपी आणि सीडी याच वाटेवर आहेत. नव्या संगणकांत बहुधा सीडीची खिडकीच नसते. कपाटातील तबकड्यांवरील संग्रहही याच वेळी, जुन्या संगणकाची खिडकी चालू आहे तोवर, उतरवून घ्यावा.

सर्व काही नव्या संगणकात आले, तरी बाहेरील हार्ड डिस्कवरील प्रत पुसू नये. ती दुसरी प्रत म्हणून वेगळ्या जागी, शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावी. जुना संगणकही किमान महिनाभर तसाच राहू द्यावा. विसरलेली फाईल साधारणतः तेवढ्या काळात आठवते.

त्यानंतरच तो काढून टाकावा, तोही पुसून. फाईल डिलीट केल्याने ती नाहीशी होत नाही; तिचे नाव तेवढे सूचीतून निघते, आणि आधारपत्राची किंवा बँक पुस्तिकेची प्रत दुसऱ्याच्या हाती लागू शकते. विंडोज १० मधील रीसेट करण्याच्या सोयीत संपूर्ण डिस्क साफ करण्याचा पर्याय आहे, तो निवडावा. कार्यालयीन संगणक असल्यास त्यातील अभिलेखांचे हस्तांतर झाल्याची नोंद कार्यालयप्रमुखांच्या सहीने आधी व्हावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार निकामी संगणक नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रापर्यंत पोहोचणे अपेक्षित आहे. तो तेथे दिल्याची पावती घ्यावी आणि कार्यालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्या संगणकाच्या नोंदीसमोर लावून ठेवावी.