बंदरावरचे साडेतीन तास (इयत्ता नववी, भूगोल आणि मराठी मिळून एक पाठ)



रेखांश आणि वेळ हा घटक दरवर्षी माझा अडतो. मुलं सूत्र पाठ करतात, एका रेखांशाला चार मिनिटं, गुणाकारही बरोबर करतात आणि पुढच्या आठवड्यात विसरून जातात. या वर्षी मात्र विसरले नाहीत. त्याचं श्रेय माझं नाही, आमच्या एका माजी विद्यार्थ्याचं आहे. तो पेण तालुक्यातला, हमरापूरच्या बाजूचा. आजोळ रोह्याचं. शाळेत असताना सुट्टीत गणपतीच्या कारखान्यात कामाला जायचा, हाताला कायम पांढरी माती. आता क्रूझवर हाऊसकीपिंगला आहे, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरतो. नाव देत नाही, पण मजकूर त्याला वाचून दाखवलाय आणि त्याची परवानगी आहे.

झालं असं की गेल्या भाद्रपदात त्याने मला एक लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. जहाज इटलीतल्या नेपल्स बंदराला लागलं होतं. तो मेसेज मी जसाच्या तसा वर्गात ऐकवला आणि नंतर त्यावरूनच आठ तास घेतले. ते तास कसे गेले ते इथे लिहिते, कुणाला वापरता आले तर वापरा.

आधी त्याचा दिवस समजून घ्या, कारण मुलांना वाटतं क्रूझ म्हणजे फिरायची नोकरी. सकाळी सहाला उठायचं. साडेबारापर्यंत खोल्या. संध्याकाळी साडेपाचपासून पुन्हा त्याच खोल्या, चादरी, टॉवेल. मधला वेळ त्याचा. जहाज बंदरात असेल आणि त्या दिवशी त्याची आत थांबायची पाळी नसेल तरच तो खाली उतरू शकतो. अशी पाळी सगळ्यांना येते, कारण बंदरात उभ्या जहाजावरही आग लागली तर विझवायला ठरावीक माणसं हवीतच. तर आंघोळ करून, ओळखपत्र घेऊन गँगवेवरून उतरेपर्यंत एक वाजतो आणि साडेचारला परत आत. हातात साडेतीन तास. त्यातला अर्धा तास तो कुठेही गेला तरी शिल्लक ठेवतो, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही.

"बाई, मी पहिल्यांदा उतरलो ना, तेव्हा नुसता बंदराच्या भिंतीला टेकून बसलो होतो, फुकट वायफाय मिळतं म्हणून. तीन बंदरं तशीच गेली," तो म्हणाला. मला हे फार खरं वाटलं. परकं गाव बघायचं म्हणजे आधी भीती मोडावी लागते, आणि ती कुठल्या ॲपने मोडत नाही.

नेपल्सला तो गेला ते एका गल्लीसाठी. बरोबरच्या एका फिलिपिनो मुलाने सांगितलं की इथे मातीच्या मूर्तींची एक आळी आहे. बंदराच्या समोरच एक जुना किल्ला दिसतो, कास्टेल नुओवो. तिथून शहरात चालत साधारण अर्धा तास. गल्लीचं नाव सान ग्रेगोरिओ आर्मेनो. दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांत कारागीर. येशूच्या जन्माचा देखावा मांडण्यासाठी लागणाऱ्या मातीच्या मूर्ती तिथे पिढ्यान्‌पिढ्या करतात. नुसती मेरी आणि बाळ नाही. पाववाला, मासळीवाली, झोपलेला मेंढपाळ, अख्खा बाजार. फुटबॉलवाला मॅराडोनासुद्धा, कारण तो नेपल्सच्या क्लबकडून खेळला होता. नाताळ डिसेंबरात, पण काम वर्षभर चालतं. "बाई, आपली आळीच. फक्त गणपती नाही," हे त्याचं वाक्य.

मग तो एका म्हाताऱ्या कारागिराजवळ बराच वेळ उभा राहिला. भाषा येत नाही. त्याने मोबाईलवर हमरापूरच्या कारखान्याचे फोटो दाखवले. म्हाताऱ्याने फोटो मोठा करून बघितला आणि बोटाने मूर्तीच्या डोळ्यांवर टकटक केलं. डोळ्यांची आखणी! आपल्याकडेही ते काम सगळ्यांत हुशार हाताला देतात. म्हाताऱ्याने एक छोटं डोकं याच्या हातावर ठेवलं, तेव्हा याच्या लक्षात आलं की ती माती भाजलेली आहे.

इथे मी मेसेज थांबवला आणि वर्गाला विचारलं, "त्यांची माती भाजलेली, आपली शाडू कच्ची. असं का असेल?" दोन मिनिटं शांतता. मग मागच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, आपल्याला बुडवायचा असतो." बस. त्यांना मूर्ती आजोबांकडून नातवाकडे द्यायची असते, आपल्याला दीड दिवसाने किंवा दहा दिवसांनी पाण्यात विरघळवायची असते. एकच माती, पण देवाचं काय करायचं ते आधी ठरतं आणि मग ती भाजायची की नाही ते ठरतं. हे मलाही सुचलं नव्हतं. (शाडू आपल्याकडे गुजरातेतून, भावनगरकडून येते, हे निम्म्या वर्गाला माहीत नव्हतं. पेणच्या मुलांना!)

आता वेळेचं. त्याच्या घरी आरती रात्री आठला असते. व्हिडिओ कॉल लावायचा तर नेपल्सला किती वाजलेले असतील? मुलांनी गणित मांडलं. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, इटलीची 15 अंश पूर्व. फरक 67.5 अंश. गुणिले चार म्हणजे 270 मिनिटं, साडेचार तास. म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन. पण मेसेजमध्ये तो म्हणतो, "आरतीला माझे साडेचार वाजतात, तेव्हा मी गँगवेवर तपासणीच्या रांगेत असतो." एक तास कुठे गेला? वर्गात भांडणच सुरू झालं. गणित चुकलं नव्हतं. युरोपात उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. गणपतीत फरक साडेतीन तासांचा, दिवाळी नोव्हेंबरात आली तर साडेचारचा. हे मी आधी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. मुलाची आरती रांगेत उभ्या उभ्या होते हे कळल्यावर सगळ्यांनी ऐकलं.

दुसरी गंमत भरतीची. तो खारेपाटातला मुलगा. बांध, उघाडी, उधाण, भांग हे शब्द त्याच्या कानावर जन्मापासून. त्याला नेपल्सच्या धक्क्यावर चुकल्यासारखं वाटत होतं आणि कारण सापडेना. दोन-तीन फेऱ्यांनंतर कळलं की पाणी हलतच नाही! सकाळी धक्क्याच्या ज्या दगडाला लागलेलं, संध्याकाळीही तिथेच. भूमध्य समुद्र जवळजवळ सगळीकडून जमिनीने वेढलेला, जिब्राल्टरची सामुद्रधुनी अगदी अरुंद. त्यामुळे भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी वीतभर-हातभर. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाला हाच फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. पेणच्या अंतोरा बंदरात पूर्वी गलबतं यायची ती भरतीच्या पाण्यावर, ओहोटीला नुसता चिखल. कुंडलिकेतून रोह्याकडे यायलाही भरतीचा हिशोब लागायचा. पाठ्यपुस्तकात 'भरती-ओहोटी' असं सरसकट येतं, जणू सगळ्या समुद्रांना ती सारखीच. आपल्या खाडीची भरती मोठी आहे, हे आमच्या मुलांना नेपल्सवरून कळलं.

मार्सेलला तो एकदाच उतरलाय. तिथल्या जुन्या बंदरात सकाळी मासळी बाजार भरतो, त्याचा फोटो आला. मी मुलांना विचारलं, मार्सेलचं नाव कुठे ऐकलंय? सावरकरांची उडी, 8 जुलै 1910, हे लगेच आलं. जहाजाचं नाव 'मोरिया' म्हटल्यावर अख्खा वर्ग हसला. पेणमध्ये दुसरं काय होणार!

हसण्यावारी न्यायचं नाही असंही काही आहे. जहाजावर पहिल्याच दिवशी शिकवतात तो इशारा मी शिट्टीने वाजवून दाखवला, सात लहान आणि एक लांब. तो ऐकला की हातातलं टाकून आपल्या ठरलेल्या जागी जायचं, आणि कर्मचाऱ्याने प्रवाशांना घेऊन जायचं. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला घासून कलंडलं. 32 माणसं गेली. त्यात मुंबईकडचा एक भारतीय वेटर होता, त्याचा मृतदेह सापडायला नोव्हेंबर 2014 उजाडला. आपल्या बाजूला रामदास बोट कुणी विसरलेलं नाही. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. माझ्या सासूबाई अजून आषाढात होडीने जाऊ देत नाहीत.

आता जे खास पालकांसाठी लिहायचं होतं ते. हा पाठ घेतल्यावर आठवड्याने एक आई शाळेत आली. "बाई, माझ्या मोठ्याला पण बोटीवर लावायचंय. एजंट सव्वादोन लाख मागतोय. चाळीस हजार दिलेत." मोठा मुलगा बारावी झालेला, धाटावला कंपनीत कंत्राटी. बाकीच्या पैशांसाठी त्या सोनं मोडणार होत्या.

मी आमच्या त्या विद्यार्थ्याला फोन लावून दिला. त्याने सांगितलं ते असं. जहाजावर माणसं भरणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. त्याचा नंबर मागायचा आणि महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः बघायचा. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं हेच नियमाबाहेर आहे. सागरी कामगार करार 2006 चा, भारताने तो 2015 मध्ये मान्य केला. त्याप्रमाणे उमेदवाराने खर्च करायचा तो पासपोर्ट, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सीडीसी यांचा. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक. सुरक्षेच्या प्राथमिक कोर्सची फी वेगळी, ती मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेत पावती घेऊन भरायची. एजंटच्या हातात नाही.

त्या एजंटने दिलेला नंबर आम्ही शाळेच्या कॉम्प्युटरवर शोधला. यादीत नव्हता. त्या बाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या, मग मलाच म्हणाल्या, "अजून एकदा टाका ना." पुन्हा टाकला. पोलिसांत तक्रार दिली आहे, चाळीस हजार अजून परत मिळालेले नाहीत. सोनं मात्र राहिलं.

हे सांगितल्यावर स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, मग कशाला मुलांना जहाजाची स्वप्नं दाखवायची? मला ते पटत नाही. एजंट स्वप्नं दाखवतच असतात, आपण निदान आकडे दाखवू. म्हणून मी गणिताच्या तासाला हेही घातलं. करारानुसार आठवड्याला किमान 77 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. आठवड्याचे तास 168. वजा करा. 91 उरतात. म्हणजे नियम पाळूनही इतके तास काम घेता येतं. कारखान्यात 48. कराराचे सात-आठ महिने साप्ताहिक सुट्टी नाही. आमच्या मुलाने चार वर्षांत एकच गणपती घरी बघितलाय, आणि आजी गेली तेव्हा तो समुद्रात होता. घराला स्लॅबही त्याच्याच पैशाने पडला. मुलांपुढे दोन्ही ठेवलं.

शेवटच्या तासाला मराठीचा निबंध दिला. विषय असा: पेण किंवा रोहा स्टेशनवर एक परका माणूस उतरलाय. त्याला आपली भाषा येत नाही, हातात साडेतीन तास आहेत, परतीची गाडी चुकता कामा नये. त्याला काय दाखवाल? घड्याळासकट लिहा.

बहुतेकांनी यादी केली. कारखाने, पापड, पोहे, खाडी, मिठागर. एकाने तर साडेतीन तासांत रायगड किल्लाही बसवला, त्याला मी वेळ पुन्हा मोजायला लावली. रोह्यात आजोळ असलेल्या एका मुलीने फक्त एकच जागा लिहिली, कुंडलिकेचा काठ. तिच्या वेळापत्रकात शेवटचा अर्धा तास कोरा होता. मी विचारलं, इथे काय? म्हणाली, "बाई, त्याला घरी फोन लावायला."