मैदानावरची शाळा : फुटबॉल क्लबांच्या युवा अकादमीचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

फुटबॉल हा खेळ आपल्याकडे नवा नाही. नवी आहे ती खेळाडू घडविण्याची पद्धत. शहागंजचे चमन मागे टाकून आमखास मैदानाकडे गेले की मुले चेंडूमागे धावताना दिसतात. त्यांतील एखाद्याच्या पायात उपजत कसब असते. त्या कसबाचे पुढे काय होते? व्यावसायिक क्लबांनी हा प्रश्न स्वतःच्या हिताच्या दृष्टीने सोडविला आणि त्यातून 'युवा अकादमी' उभी राहिली. ती कशी चालते, तिचा खर्च कोण सोसतो आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती काय उरते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

निवड आणि शिक्षण

अकादमी म्हणजे सुटीतले शिबिर नव्हे. तेथे मुले १३, १५, १७ अशा वयोगटांत विभागलेली असतात आणि प्रत्येक गटाचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. लहान वयात चेंडूवरचा ताबा व मोजक्या खेळाडूंचे छोटे सामने यांवर भर देतात. लहान मैदानात चेंडू पायाशी वारंवार येतो, हे त्याचे साधे कारण. जागा ओळखणे, डावपेच आणि शरीरबळ यांची पाळी नंतर येते. हॉलंडच्या आयॅक्स क्लबने मुलगा निवडताना चार गोष्टी पाहण्याचा प्रघात पाडला : तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. बार्सिलोना क्लबने १९७९ साली एका जुन्या शेतघरात मुलांचे वसतिगृह उघडले. ते 'ला मासिया' होय. नोव्हेंबर २०१२ मध्ये लेवान्तेविरुद्धच्या सामन्यात या क्लबचे मैदानावरील अकराही खेळाडू त्याच अकादमीत वाढलेले होते.

निवडीत एक दोष मात्र सर्वत्र आढळतो. वयोगट १ जानेवारीपासून मोजला, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठा असतो. बाराव्या वर्षी हे अंतर उंचीत व ताकदीत स्पष्ट दिसते आणि परीक्षक त्यालाच गुण समजून बसतात. त्यामुळे वर्षाच्या आरंभी जन्मलेली मुले अकादम्यांत अधिक भरतात. आपल्याकडे खोट्या वयाच्या दाखल्यांची भर पडते. म्हणून मनगटाच्या हाडांचे क्ष-किरण चित्र काढून वय पडताळावे लागते.

खर्चाचा हिशेब

निवास, आहार, प्रशिक्षक, वैद्य आणि शाळा हा सारा खर्च क्लबने का करावा? याला दोन उत्तरे आहेत. एक, बाहेरून खेळाडू विकत घेण्यापेक्षा घरचा खेळाडू स्वस्त पडतो. दोन, तो पुढे दुसऱ्या क्लबकडे गेला तर पैसा मिळतो. जागतिक संघटना 'फिफा'च्या नियमानुसार, करार चालू असता खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर हस्तांतरणाच्या रकमेतील ५ टक्के भाग त्याला १२ ते २३ या वयात शिकविणाऱ्या क्लबांत वाटला जातो. समजा, रक्कम १ कोटी रुपये आहे. वाटपासाठी ५ लाख निघतात. त्यांतून १२ ते १५ या वयातील प्रत्येक वर्षासाठी २५ हजार आणि १६ ते २३ मधील प्रत्येक वर्षासाठी ५० हजार रुपये मिळतात. परंतु मोठ्या रकमा देऊन परदेशी क्लबांनी आपले खेळाडू नेणे विरळाच. म्हणजे पेरणी करणाऱ्याच्या खळ्यावर दाणा येत नाही. मग अकादमी चालते ती मालकाच्या उत्साहावर.

पुण्याचा अनुभव

हे पुण्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. अशोक पिरामल समूहाने २००७ साली पुणे एफ.सी. हा क्लब स्थापन केला. मामुर्डी येथील त्याच्या अकादमीने देशात नाव मिळविले. २०१२-१३ च्या हंगामात या क्लबचा वरिष्ठ संघ आय-लीगमध्ये उपविजेता होता. २०१५ मध्ये क्लबच बंद झाला. अकादमी एफ.सी. पुणे सिटीकडे गेली. २०१९ मध्ये तोही क्लब संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. याच शहरात २०११ साली लिव्हरपूलच्या सहकार्याने डी.एस.के. शिवाजियन्सची निवासी अकादमी निघाली होती. त्या क्लबचा वरिष्ठ संघ २०१६-१७ नंतर आय-लीगमध्ये उतरला नाही.

या अकादम्यांचे काम वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव बालेवाडीच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीतून आणि पुणे एफ.सी.च्या अकादमीतून पुढे आला व २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. केरळचा आशिक कुरुनियन पुण्याच्याच अकादमीतला. क्लब बुडाला तरी या दोघांना दुसरी दारे उघडली. पण त्यांच्याच खोलीत राहिलेल्या, त्यांच्याइतकाच घाम गाळलेल्या इतर मुलांची नावे कोणत्या वर्तमानपत्रात आली?

तालीम आणि अकादमी

येथे कोल्हापूरची आठवण होते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तेथील संघांची नावे तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ लोटते. त्या संघांना परदेशी प्रशिक्षक परवडत नाही; परंतु मालकाचा धंदा बसला म्हणून तालीम बंद पडत नाही, कारण तिला मालकच नाही, पेठ आहे. अकादमीजवळ शास्त्र आहे, तालमीजवळ मुळे आहेत. खेळाडू घडविण्याच्या कोणत्याही योजनेला दोन्ही हवीत, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १२ ते १६ हीच वर्षे गरीब घराला मुलाचे हात हवे असण्याची असतात. आमच्या शहागंजात या वयाचा मुलगा शाळा सुटली की हातगाडीवर वा दुकानात उभा राहतो. असा मुलगा अकादमीत पाठवणे म्हणजे घराने एक कमावता हात पणाला लावणे होय. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे ही पैज किती मोठी असते हे मला पुस्तकात शोधावे लागत नाही. मी नापास झालो तर पुन्हा परीक्षेस बसता येते. अठराव्या वर्षी करार न मिळालेल्या खेळाडूला पुरवणी परीक्षा नसते.

म्हणून अकादमीचे मोजमाप तिने किती खेळाडू राष्ट्रीय संघाला दिले एवढ्यावरच करू नये. जे खेळाडू झाले नाहीत, त्यांच्या हाती तिने काय दिले, हेही विचारावे. दहावी-बारावीचे शिक्षण, पंच वा प्रशिक्षक होण्याची पात्रता, दुखापतीवर पूर्ण उपचार आणि क्लब बंद झाल्यास दुसऱ्या अकादमीत सामावून घेण्याची हमी या चार गोष्टी करारात लिहिलेल्या असाव्यात. मुलाला घरातून नेताना क्लब त्याच्या बापाची सही घेतो. त्याच कागदावर क्लबचीही बांधिलकी लिहिलेली असणे न्यायाचे ठरेल.