मंडालेच्या वह्या

१९०८ च्या जुलै महिन्यात 'केसरी'तील लेखांवरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथील उन्हाळा कडक, मधुमेहाने शरीर पोखरलेले आणि आप्तजन शेकडो कोस दूर! परंतु लोकमान्य स्वस्थ बसले नाहीत. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या काळात त्यांनी पेन्सिलीने वह्या भरून 'गीतारहस्य' हा ग्रंथ लिहिला.

गीतेचा मुख्य उपदेश कर्मयोगाचा आहे, असे त्यांनी या ग्रंथात प्रतिपादन केले. आपले कर्तव्य करणे माणसाच्या हाती असते. त्याचे फळ सर्वस्वी त्याच्या हाती नसते. म्हणून फळाची आसक्ती सोडावी, कर्म मात्र सोडू नये.

फळ आपल्या हाती नाही, तर काम कसेबसे उरकले तरी चालेल, असे कोणास वाटेल. पण तसा अर्थ करणे चुकीचे होय. शेतकरी निवडक बी घेतो, वेळेवर नांगरतो, पेरतो. पाऊस त्याच्या हाती नसतो. पण पावसाच्या चिंतेने जो हात आखडतो, त्याचे शेत पडीकच राहते. निष्काम माणूस निष्काळजी नसतो. उलट, चिंतेत जाणारे त्याचे बळ कामातच लागते.

लोकमान्यांची कसोटी पुढेच होती. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्याची वार्ता त्यांना तुरुंगातच कळली. दुःख अपार झाले. तरी त्यांचे वाचन-चिंतन थांबले नाही. जून १९१४ मध्ये ते सुटले, पण हस्तलिखित सरकारने लगेच परत केले नाही. ते मिळणारच नाही, अशी शंका स्नेह्यांना वाटू लागली. तेव्हा, वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढू, असे लोकमान्यांनी शांतपणे सांगितल्याची आठवण आहे.

पुढे वह्या परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण त्या मिळाल्या नसत्या, तरी मंडालेचे श्रम व्यर्थ गेले नसते. फळ दुसऱ्यास हिरावून घेता येते. मनापासून केलेल्या कर्माने आलेली योग्यता कोणासही हिरावता येत नाही.

स्वाध्याय
१. निष्काम आणि निष्काळजी यांत फरक कोणता?
२. वह्या परत मिळेनात, तेव्हाही लोकमान्य शांत का राहू शकले?
३. परीक्षेचा निकाल आपल्या हाती नसतो. मग आपल्या हाती काय असते? पाच वाक्ये लिहा.