खड्डा आधी, रोप नंतर

गेवराई तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात चुलत्यांनी मोसंबी लावली. माती परीक्षणाचा अहवाल चांगला होता. पहिली दोन-तीन वर्षं बाग तरारली, मग कोवळी पानं पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या. हिराकस (लोहाचं सल्फेट) मातीत टाकून झालं, फवारून झालं. फवारणीनंतर थोडे दिवस झाडं सावरायची, पुन्हा केवडा, म्हणजे लोहाअभावी येणारा तोच पिवळेपणा. शेवटी झाडाशेजारी कमरेइतका खड्डा घेतला, तेव्हा दीड-दोन फुटांखाली चुनखडीचा पांढरट थर लागला. मुळं त्याच्यावरच आडवी पसरली होती. अहवालात चूक नव्हती. नमुना वीतभर मातीचा होता. बाग मोडावी लागली.

कृषीच्या विद्यार्थ्यांनो, हे मी कळकळीने सांगतो आहे, कारण उद्या शेतकरी तुमच्या शब्दावर रोपं आणणार आहेत. हंगामी पिकाला २० ते २५ सेंटिमीटरचा नमुना पुरतो. फळबागेसाठी मीटरभर खड्डा घ्या आणि दर ३० सेंटिमीटरच्या थराची माती वेगळ्या पिशवीत भरा. प्रयोगशाळेत मुक्त चुन्याची तपासणी आवर्जून मागा. शेतातच अंदाज हवा असेल, तर मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका; जोरात फसफसली की सावध व्हा. चुना १० टक्क्यांच्या वर असेल, तर तिथे मोसंबी नकोच.

चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण सामू चढा आणि बायकार्बोनेट जास्त, त्यामुळे ते मुळांना मिळत नाही. मातीत टाकलेलं हिराकसही तसंच अडकतं. आपल्याकडे पाऊस कमी. चुना पुरता वाहून जात नाही, खालच्या थरात साचतो.

आमच्या बीड जिल्ह्याची माती बेसाल्टचीच, तरी गोदाकाठाला गेवराई-माजलगावात खोल काळी आणि बालाघाटावर पाटोदा-धारूरकडे वीतभर मातीखाली मुरूम. त्या मुरमाला कुणी नावं ठेवली, तर मला राग येतो. भौगोलिक मानांकन मिळालेलं बीडचं सीताफळ अशाच डोंगरउतारांवर पिकतं, कारण तिथे पाणी साचत नाही.

चुनखडीवर बाग आधीच उभी असेल, तर शेणखत वाढवा आणि चिलेटेड लोह फवारा. गंधक टाकून सगळा चुना विरघळवण्याच्या नादाला लागू नका; इतक्या चुन्याला लागणारं गंधक शेतकऱ्याला परवडत नाही.